तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या स्पीकरवरचा लाल दिवा

आमच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण जेवणाच्या टेबलाजवळच्या फडताळावरचा तो बोलून विचारले की उत्तर देणारा स्पीकर पाहतो आणि विचारतो, “हा लाल का दिसतोय? बिघडलाय का?” बिघडलेला नाही, मीच त्याचा माइक बंद ठेवते, असे सांगितले की लगेच पुढचा प्रश्न येतो, “बंदच ठेवायचा तर मग घेतलात कशाला?” गेली काही वर्षे मी या प्रश्नाला “सवय आहे” असे काहीतरी उत्तर देऊन विषय बदलत आले. ते उत्तर खरे नव्हते. खरे उत्तर लांब आहे आणि त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही, म्हणून ते एकदाच नीट लिहून ठेवते.

घेतला कशाला, हे आधी सांगते, कारण त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांतला मॅक्युला झिजला आहे. दृष्टिपटलाचा हा मधला भाग गेला की कडेचे दिसत राहते, पण जिथे नजर लावावी तिथलेच नाहीसे होते. तिला दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. भिंतीवरचे घड्याळ दिसते, काटे दिसत नाहीत. दिवसभर किती वाजले हे दुसऱ्याला विचारत राहणे किती अपमानाचे असते, हे ज्याला विचारावे लागत नाही त्याला कळत नाही. 2020 मध्ये हे यंत्र घरात आले आणि आईला पहिल्यांदा कोणाचेही उपकार न घेता वेळ कळू लागली. सकाळी भीमसेन जोशींचे अभंग, दुपारी बातम्या, सकाळी आठ आणि रात्री नऊ वाजता गोळ्यांची आठवण, एवढेच तिचे त्याच्याकडे काम. आमच्या यंत्राशी मराठीतून बोलता येत नाही, म्हणून ऐंशीच्या घरातली माझी आई त्याच्याशी जपून, शाळेत शिकल्यासारख्या हिंदीत बोलते. ते ऐकताना मला वाईट वाटते, पण हिंदी तरी आहे, याचे समाधानही वाटते.

यंत्र कोणत्या कंपनीचे ते मी लिहिणार नाही, कारण जे घडले त्यात कंपनीपेक्षा माझा हात मोठा होता.

घेतले तेव्हा कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने मला सावध केले होते. घरात सतत ऐकणारी वस्तू ठेवू नका, असे तो म्हणाला. मी त्याला तेव्हा दोन उत्तरे दिली होती. पहिले असे की ही यंत्रे सतत काही पाठवत नाहीत. यंत्राला हाक मारायचे ठरलेले नाव ऐकू येईपर्यंत आवाज यंत्राच्या आतच तपासला जातो आणि पुसला जातो, आणि नाव ऐकल्यावरच पुढचे बोलणे कंपनीच्या संगणकांकडे जाते. हे उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. यंत्राला नाव ऐकल्याचा भास होतो आणि तो वारंवार होतो. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये अशा यंत्रांना चुकून जागे करणारे 1000 हून अधिक शब्द आणि शब्दसमूह शोधून काढले होते. ती तपासणी इंग्रजी, जर्मन आणि चिनी भाषांत झाली होती. पुण्यातल्या एका स्वयंपाकघरात, तव्याचा आवाज आणि कुकरच्या शिट्ट्या चालू असताना बोललेल्या मराठीत यंत्राला काय काय ऐकू येत असेल, याचा विचार मी केलाच नव्हता.

दुसरे उत्तर असे होते: “आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?” या वाक्यातल्या ‘आमच्याकडे’ या शब्दात मी कोणाकोणाला धरले होते, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. मी, माझे यजमान, आई आणि बाहेरगावी शिकणारा मुलगा, एवढेच. रोज सकाळी साडेसातला येणाऱ्या आणि नऊपर्यंत आमच्या ओट्याशी उभ्या असणाऱ्या मावशी त्यात नव्हत्या.

मावशी आमच्याकडे अकरा वर्षे स्वयंपाक करत होत्या. पोळ्या लाटताना त्या फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवत आणि बहिणीशी बोलत. त्या वेळी मी अंघोळीला किंवा खाली फिरायला गेलेली असे आणि आई आपल्या खोलीत असे. तो दीड तास त्या घरात त्यांचे म्हणणे ऐकणारे कोणी नसे, अशी त्यांची समजूत होती आणि माझीही तीच होती.

2022 च्या दिवाळीआधी दोन आठवडे गोळ्यांची आठवण चुकीच्या वेळी वाजू लागली, म्हणून मी मोबाइलवरचे ॲप उघडले. तिथे यंत्राने ऐकलेल्या सगळ्या बोलण्याची यादी असते, तारीख आणि वेळेसह, आणि प्रत्येक नोंदीतला आवाज पुन्हा ऐकता येतो. हे मला माहीत होते, पण यादी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. बहुतेक नोंदी आईच्या होत्या. मधेच एक सकाळी आठ वाजून काही मिनिटांची होती आणि तिच्यापुढे कशाचाच कशाला मेळ नसलेले हिंदी शब्द उमटले होते. मी ती वाजवली. चौदा सेकंदांची होती. मावशींचा आवाज होता, मागे लाटण्याचा खडखडाट होता. त्या सांगत होत्या की त्यांना पलीकडच्या सोसायटीत काम मिळाले आहे, दोनच माणसे आहेत, पैसे जास्त आहेत; दिवाळी झाली की त्या हे घर सोडणार. मग म्हणाल्या, “ताईंना कसं सांगू तेच कळत नाही गं, आजींचं वाईट वाटतं,” आणि तिथे आवाज तुटला.

मी ती नोंद एकदाच ऐकली असती तर ‘चुकून कानावर पडले’ असे म्हणण्याचा थोडा अधिकार मला राहिला असता. मी ती तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी दार लावून ऐकली, म्हणजे आपण करतो आहोत ते बरोबर नाही हे मला तेव्हाच कळत होते.

मला राग आला होता, हे मी नाकारत नाही. अकरा वर्षांत त्यांच्या मुलीच्या शाळेची फी, त्यांच्या यजमानांचे आजारपण, हे सगळे आम्ही आपले मानून केले होते, आणि आता ही बाई बोनस खिशात घालून जाणार, असे माझ्या मनात आले. आमच्याकडे दर वर्षी एका महिन्याचा पगार बोनस म्हणून वसुबारसेला देण्याची पद्धत होती. त्या वर्षी वसुबारसेला मी दिला नाही. “या वेळी भाऊबीजेनंतर देते,” असे म्हणाले. कारण सांगितले नाही. मावशी “बरं” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कणीक मळता मळता विचारले की थोडे तरी आधी मिळतील का, मुलीला कपडे घ्यायचे आहेत. मी टाळाटाळ केली. त्यांनी पुन्हा विचारले, आणि माझ्या तोंडून गेले, “भाऊबीजेनंतर तुम्ही इथे असणार आहात का?”

मावशींचे हात परातीत तसेच थांबले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी काही नाकारलेही नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “हे मी फक्त माझ्या बहिणीशी बोलले. फोनवर. इथेच.” मग त्यांनी स्वयंपाकघरातून बाहेर एक एक वस्तू पाहत नजर फिरवली, आईच्या खोलीच्या दाराकडे पाहिले, आणि शेवटी फडताळाकडे पाहिले. “ही ऐकते?” त्यांनी विचारले. मी गप्प राहिले. “आणि मग तुम्ही ऐकता?”

त्या दिवशीच्या पोळ्या त्यांनी पूर्ण केल्या. मोजून डब्यात ठेवल्या, पोळपाट धुऊन उभा करून ठेवला, ओटा पुसला. जाताना आईच्या खोलीत जाऊन तिच्या पाया पडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मी बोनस आणि त्या महिन्याचा पूर्ण पगार त्यांच्या खात्यात पाठवला. त्यांनी तो ठेवून घेतला, आणि ते योग्यच होते, कारण ते पैसे त्यांचे होते. फोन मात्र त्यांनी आजवर उचललेला नाही.

त्याच संध्याकाळी आईने मला काय झाले ते विचारले आणि मी सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझंही तू ऐकतेस?” मी ऐकले होते. त्याच यादीत रात्री दीडला, अडीचला, पावणेचारला ‘कितने बजे हैं’ असे हळू आवाजात विचारणारी आई होती. झोप लागत नाही हे तिने मला कधी सांगितले नव्हते, आणि ते मला सांगायचे की नाही हे ठरवणे तिचे होते. त्यानंतर काही आठवडे तिने त्या यंत्राला काहीही विचारले नाही. वेळ मला विचारू लागली.

माझ्या बाजूने जे बोलले जाते, आणि जे मी स्वतःही स्वतःला पुष्कळदा ऐकवले आहे, तेही लिहिते. घर माझे आहे, यंत्र माझे आहे. मी हॉलमध्ये उभी असते तर हेच बोलणे माझ्या कानावर आलेच असते. आणि आमच्याच इमारतीत कामवाल्या बाईवर लक्ष ठेवायला उघड उघड कॅमेरे लावणारी घरे आहेत, त्यांना कोणी काही विचारत नाही. यातला एकही मुद्दा मला पूर्णपणे खोडता येत नाही. पण हॉलमध्ये उभी असलेली मी मावशींना दिसले असते आणि त्यांनी आवाज कमी केला असता किंवा विषय बदलला असता. ती संधी मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. कॅमेरा निदान दिसतो. आमचे यंत्र आईला वेळ सांगण्यासाठी ठेवले आहे, असेच सगळे समजून होते.

कायद्यात मला याचे उत्तर मिळेल असे वाटले होते, म्हणून तेही वाचून पाहिले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्याच वर्षी असे स्पीकर भारतात विकायला आले. 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला, पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ही सूट असायलाच हवी, नाहीतर नातेवाइकांचे फोन नंबर लिहून ठेवणेही अवघड होईल, हे मला समजते. पण मावशींच्या त्या चौदा सेकंदांपुरते पाहिले, तर कंपनीला काहीतरी बंधन आहे आणि मला कसलेही नाही. गूगलच्या उपकरण विभागाचे प्रमुख रिक ऑस्टरलो यांना 2019 मध्ये बीबीसीने विचारले होते की घरी येणाऱ्या पाहुण्याला अशा यंत्राची कल्पना द्यावी का. आपण स्वतः ती देतो, असे ते म्हणाले होते. ही यंत्रे बनवणाऱ्याला जे सांगावेसे वाटते, ते अकरा वर्षे घरात येणाऱ्या बाईला सांगावे असे मला सुचले नाही.

तर लाल दिव्याचे कारण हे आहे. काढून टाकणे मला जमले नाही, कारण त्याची किंमत माझ्या चुकीसाठी आईने मोजली असती. मी आधीच्या सगळ्या नोंदी पुसल्या, पुढे आवाज जतन करू नये असा पर्याय निवडला आणि माइक बंद करण्याच्या बटणावर एक खड्याची टिकली चिकटवली. आई बोटाने टिकली शोधते, दाबते, वेळ विचारते आणि पुन्हा दाबते. गोळ्यांची आठवण माइक बंद असतानाही वाजते. रात्री मात्र तिला उठून फडताळापर्यंत जावे लागते, आणि काळोखात ती पडेल या भीतीने मला झोप लागत नाही. यंत्र तिच्या खोलीत हलवायला ती तयार नाही. का, ते मी विचारलेले नाही.

नव्या मावशींना मी पहिल्याच दिवशी सगळे सांगितले. त्या “असू दे ताई” म्हणाल्या. काम हवे असलेल्या माणसाने पहिल्या दिवशी दुसरे काय म्हणायचे होते, हे मला कळते, त्यामुळे त्यांच्या ‘असू दे’ला मी संमती मानत नाही. पण दुसरे काय करायचे होते, तेही मला ठाऊक नाही. त्या आल्या की हात धुण्याआधी स्वतः ती टिकली दाबतात आणि मग ओट्याकडे जातात.

गेल्या मंगळवारी आईने माइक आधीच बंद केलेला होता. मावशींनी सवयीने टिकली दाबली आणि तो चालू झाला. त्या सकाळी त्या जवळजवळ पूर्ण वेळ फोनवर बोलत होत्या, असे आई म्हणते. लाल दिवा नाही हे माझ्या लक्षात आले तेव्हा दुपार झाली होती. यंत्र मधे कधी जागे झाले का, हे पाहायला आता नोंदी नाहीत. त्या नसाव्यात ही व्यवस्था मीच केली आहे. मावशींना हे सांगितलेच पाहिजे, असे आईचे ठाम मत आहे. माझे म्हणणे असे की जे घडले की नाही हेच ठाऊक नाही, ते सांगून त्यांची भीती तेवढी वाढेल. आज शनिवार आहे, आणि आम्ही अजून त्यावरच बोलत आहोत.