दोन्ही ओठांनी क्लॅरिनेट वाजवताना रीडचा नंबर

वरचे दात माउथपीसवर टेकवून मी ३ नंबरचं रीड (माउथपीसला बांधलेली बोरूची पातळ पट्टी) वाजवत होतो. वरचा ओठही दातांवर दुमडून घेतला, तेव्हा तेच रीड दहा मिनिटांत नकोसं झालं. ओठाच्या आतल्या बाजूला दातांची खूण, आणि आवाजात फुसफुस. दात टेकलेले असले की जबडा रीड किती चावतोय ते कळतच नाही. मध्ये ओठ आला की लगेच कळतं.

म्हणून आधी अर्धा नंबर खाली आलो, अडीचवर. बँडवाल्यांत कडक रीड म्हणजे तगडा गडी असा समज आहे, तो सोडून द्यावा. नंबर जाडीचा नसतो, बोरूच्या ताठपणाचा असतो. एका कंपनीचं अडीच दुसरीच्या तीनसारखं निघतं आणि एकाच डबीतली दहा रीडंही सारखी नसतात. नागपूरहून मागवताना कंपनी आणि माउथपीस दोन्ही सांगावं. वॅन्डोरेन कंपनीच्या बी४५ माउथपीसचं तोंड (टोकाशी रीडसमोरची फट) सुमारे १.१९ मिमी उघडं, त्यांच्याच ५आरव्हीचं १.०६. उघड्या तोंडाला मऊ रीड, मिटलेल्याला अर्धा नंबर कडक.

तपासणी अशी. रीड दोन मिनिटं पाण्यात ठेवायचं. लावताना टोकावर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसली पाहिजे. खालचा ई हळू फुंकायचा, मग रजिस्टरची कळ (डाव्या अंगठ्याची, स्वर वर नेणारी) दाबायची. बी न अडखळता निघाला पाहिजे. नंतर वरचा सी, हार्मोनियमच्या काळी पाचशी लावून (बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सी तिथेच लागतो). तो खाली उतरत असेल, जोरात फुंकल्यावर आवाज बंद पडत असेल तर रीड मऊ. सूर चढा, हवा जास्त आणि पाच मिनिटांत वरचा ओठ थकला तर कडक.

नंबर बदलण्याआधी रीड केसभर खाली सरकवून बघा, मऊ लागतं. वर सरकवलं की कडक. तरीही एकच बाजू कोंडत असेल तर माउथपीस ओठांत डावी-उजवीकडे किंचित फिरवून फुंका. ओठाखाली दबलेली बाजू सोडा. जी मोकळी आहे तिच्यावर आवाज अडला तर ती जाड. तिथेच ६०० नंबरचा पॉलिश पेपर चार-पाच वेळा, अगदी हलका फिरवा. टोकाला हात लावू नका. टोक ०.१ मिमीच्या आसपास असतं, एक चुकीचा हात आणि रीड गेलं.

नवं रीड पहिले चार दिवस रोज पाचच मिनिटं. चार रीडं आलटून पालटून वापरतो.

बसून वाजवताना वाद्याची घंटा (खालचं पसरट टोक) गुडघ्यांमध्ये धरा, नाहीतर त्याचा भार ओठावर येतो आणि दोष बिचाऱ्या रीडला मिळतो. वरातीत चालताना मात्र मी सरळ दातच टेकवतो. खड्ड्यात पाय पडला की दुमडलेला ओठ दातांखाली सापडतो.

आपल्या मे महिन्याच्या वाऱ्यात रीडच्या टोकाला झालरीसारख्या लाटा पडतात. ओलं करून काचेवर सपाट, पाठ खाली ठेवलं की बहुतेक वेळा बसतं. जुलैत उलट: ओलं रीड डबीत मिटून ठेवलं की काळे ठिपके धरतात. म्हणून पुसून, थोडा वेळ उघडं ठेवूनच आत.