रंग मारायचा नाही

शनिवार, रात्री

"सर, इंजिनाला एवढं घातलंसा, मग रंगालाच का हात आखडताय?" माझी जुनी पिकअप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी आज पुन्हा विचारलं. मी नेहमीसारखं हसून टाळलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी तर माझे पैसे संपले असा निष्कर्षच काढलाय.

मिस्त्रींचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे गाडीवरची माया रंगातून दिसते. खंडेनवमी जवळ आली की इथे गल्लोगल्ली ताज्या इनॅमलचा वास येतो. न रंगवलेली गाडी म्हणजे बेवारस गाडी. अमेरिकेत जुन्या शेव्हर्ले-फोर्डच्या पिकअप उडालेल्या रंगासकट मिरवायची हौस चांगली रुळलीय, हे त्यांना सांगून पाहिलं. "तिकडं काय बी चालतंय," एवढंच म्हणाले.

माझी गाडी म्हणजे जीपच्या तोंडाची महिंद्रा पिकअप, ऐंशीच्या दशकातली. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चारी चाकांना ड्रम ब्रेक, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा. आयुष्यभर मालवणची मासळी करूळ घाट चढवून कोल्हापुरात आणली. केबिनच्या कपाळावर 'आई भराडी देवी प्रसन्न', मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज'. दोन्ही मजकूर हातानं रंगवलेले, अक्षरांना सावली दिलेली. मूळचा रंग फिकट निळा, त्यावर हिरवा, त्यावर कुणीतरी ब्रशनं ओढलेला लाल. हौद्यात जिथे माशांचे क्रेट घासले तिथे तिन्ही थर एकाखाली एक दिसतात. ड्रायव्हरच्या दाराची वरची कड मात्र पार पत्र्यापर्यंत उघडी पडलीय. तिथे कुणाचं तरी कोपर वर्षानुवर्षं टेकलं होतं. हे सगळं पॉलिश पेपरनं घासून वर चकचकीत लाल मारायचा म्हणजे कुणाची तरी वही पुसायची. माझ्याच्यानं होणार नाही.

(फाळक्यावरच्या त्या सूचनेला राज्याच्या परिवहन खात्यानं २०१५ सालीच बंदी घातलीय. रस्त्यावर नेताना ताडपत्रीचं टोक त्यावर सोडावं लागणार.)

रविवार

आजचा दिवस पाण्यात गेला. मासळीच्या गाडीचा खरा शत्रू बर्फाचं खारट पाणी. ते हौद्यातून गळतं, चेसिसवर उतरतं, जोडाच्या फटीत बसतं. वरवर घासलं तरी गंजाच्या खड्ड्यांत मीठ उरतं आणि त्यावर तेल लावा नाहीतर रंग, आतून गंज चालूच राहतो. म्हणून आधी गोडं पाणी, परत गोडं पाणी, मग ऊन. घाई करणाऱ्याचं इथेच फसतं.

बाहेरच्या अंगाला फक्त सौम्य साबण आणि मऊ फडकं. रबिंग कंपाउंडला मनाई. जुन्या इनॅमलची वरची साय खडूसारखी भुकटी झालेली असते. कंपाउंडनं चमक येते खरी, पण रंगवलेली अक्षरंही फडक्यावर येतात. सीटमागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आधी करून पाहिलं. फडकं लालभडक झालं.

सगळा गंज सारखा नसतो, हे मिस्त्री आणि मी दोघंही मानतो. बोनेटवरचा तपकिरी, पातळ, बोटाला जेमतेम लागणारा गंज राहू दे. पापुद्रे सुटणारा गंज काढायचाच, कारण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो आणि शेजारचा चांगला रंगही उचलतो. पत्र्यात स्क्रूड्रायव्हर घुसला तर तो पत्रा कापायचा. लोहचुंबक फिरवून पाहिलं तेव्हा डाव्या मडगार्डला चिकटेना. आत बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली निघाली.

बुधवार

ब्रेक. इथे जुनेपणाला जागा नाही.

गाडीचा मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमध्ये उतरवणारा भाग) एकाच सर्किटचा होता. म्हणजे कुठलाही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हे घेऊन माणसं गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होती! आता दोन सर्किटचा बसवला. पुढचे ब्रेक वेगळे, मागचे वेगळे. सगळे पाइप, होज, व्हील सिलेंडर नवे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे जुने पाइप आतूनच गंजलेले असतात, बाहेरून कितीही ठणठणीत दिसोत. तेच ऑइल रंगही खातं. एक थेंब फाळक्यावर पडला असता तर 'प्लीज' गेलं असतं. मिस्त्रींनी आपणहून सगळ्या अक्षरांवर प्लॅस्टिक अंथरलं. म्हणजे अगदीच पटलेलं नाही असं नाही.

वायरिंगही पूर्ण नवं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त बिल मोठं आहे.

शनिवार

केबिनची फरशी आणि दाराखालचा पट्टा कापला. फरशीवर गोणपाट अंथरलेलं असायचं. त्यानं ओल धरून ठेवली आणि खालचा पत्रा जाळीसारखा झाला. नवा अठरा गेजचा पत्रा वेल्ड केला, आतल्या अंगाला गंज थोपवणारं फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर आणि प्रायमर. कन्व्हर्टरनं गंज काळा पडतो, म्हणून ते दिसणाऱ्या भागाला लावलं नाही.

मग खरा पेच आला. दाराखालचा नवा पट्टा बाहेरून दिसतो. शेजारी जुना विटका लाल, आणि मध्ये कोरा पत्रा. मीठ, व्हिनेगर आणि पेरॉक्साइड फवारून नव्या पत्र्यावर एका दुपारीत गंज चढवता येतो. हौशी लोक करतात. मिस्त्रींना ही युक्ती सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आत्ता गंज काढायला पैसं घेटलं, आता चढवायला बी घिऊ?"

ते हसण्यावारी बोलले, पण माझा निर्णय तिथेच झाला. न घडलेला प्रवास पत्र्यावर लिहायचा नाही. पट्टा साध्या करड्या प्रायमरमध्ये, वर त्याच छटेच्या मॅट रंगाचा एक हात. दुरुस्ती दुरुस्तीसारखीच दिसेल. खोटं जुनं करण्यापेक्षा नवीकोरी ठिगळं बरी. आणि या मताला सरकारचाही हातभार आहे: एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना राज्यात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची केलीय. त्यामुळे त्या सगळ्या विटलेपणाच्या मधोमध चंदेरी होलोग्रामवाली प्लेट झळकणार आहे. हौद्याच्या बाजूला हातानं रंगवलेला जुना नंबर मी तसाच ठेवलाय.

मंगळवार

शेवटचा प्रश्न, हे सगळं टिकवायचं कशानं. कोल्हापूरचा पाऊस उघड्या पत्र्याला चार महिने सोडणार नाही. मॅट क्लिअर कोट, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक थर, मारा असं बरेच जण सुचवतात. मला तो नको. गंजावर मारलेल्या क्लिअरखाली एकदा ओल शिरली की फोड येतात आणि पापुद्रे निघतात. मग तो काढताना जुना रंगही जातो. ज्याला मागे फिरता येत नाही असा उपाय या गाडीला नको.

उरले दोन. जवसाचं उकळलेलं तेल, नाहीतर मेण. तेल गंजात मुरतं, रंग गडद करतं, सुकलं की पातळ कवच होतं. पण नीट पुसून घेतलं नाही तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. मेण चिकटत नाही, पण वर्षातून दोनतीनदा लावावं लागतं. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. गॅरेजमधल्या पोरानं सवयीनं बोळा केलाच होता. मिस्त्रींनी ओरडून तो पाण्याच्या बादलीत टाकायला लावला. हे त्यांना रंगाऱ्यांकडून ठाऊक होतं.

शेवटी डाव्या दाराला तेल आणि उजव्या दाराला मेण लावलंय. मिस्त्रींची पैज तेलावर, माझी मेणावर. पुढच्या गणपतीनंतर बघायचं, आणि जो हरेल त्यानं मालवणात दोघांचं बांगड्याचं जेवण द्यायचं. जायचं याच गाडीनं, करूळ घाट उतरून. त्याआधी वायपरची मोटर मिळवायला हवी. ती अजून कुठेच मिळालेली नाही.