कुंपणाचा खांब

मार्च २०२४ ची गोष्ट. बेसबॉलच्या ३० मोठ्या टीम आहेत, त्यातल्या १५ फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲरिझोनात फिनिक्सच्या आसपास सरावाला येतात, उरलेल्या १५ फ्लोरिडात. मी ॲरिझोनावाल्या एका टीममध्ये बायोमेकॅनिक्सचं काम करतो, म्हणजे पिचर बॉल टाकताना त्याचं शरीर कुठल्या क्षणी कुठे असतं ते कॅमेरे आणि सेन्सर लावून मोजायचं. मूळचा सांगलीचा, लहानपण क्रिकेटमध्ये गेलेलं, इकडे येईपर्यंत बेसबॉलचा एक नियम माहीत नव्हता. पण एखाद्या बॉलरची लाईन जाते म्हणजे काय होतं हे शाळेपासून बघितलेलं, आणि त्या महिन्यात मला तेच सगळ्यात जास्त कामाला आलं.

जानेवारीत आमच्या टीमने एका २६ वर्षांच्या पिचरला घेतलं. नाव सांगत नाही. हायस्कूल संपता संपता त्याला एका टीमने ड्राफ्टच्या, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या, पहिल्याच राउंडमध्ये उचललेलं, बोनस एवढा की घरचं कर्ज फिटलं, ९७ मैलांनी म्हणजे ताशी १५६ किलोमीटरने बॉल टाकायचा. विसाव्या वर्षी कोपराचं लिगामेंट फाटलं आणि टॉमी जॉन सर्जरी झाली, यात शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली, आज शेकडो पिचर ती करून परत खेळतात पण परतायला वर्ष-दीड वर्ष जातंच. हाही परत आला, वेगही आला, पण बॉल जायचा तिथे जाईना. तीन टीम झाल्या, तिसरीने आदल्या उन्हाळ्यात सोडून दिलं.

आम्ही त्याला मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या टीमच्या हाताखालच्या छोट्या टीमच्या, करारावर घेतलं. टीमचं यात फार काही जात नाही, २०२३ मध्ये खेळाडूंशी झालेल्या नव्या करारानंतरही डबल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली, खेळणाऱ्याला तेव्हा वर्षाला साधारण ३० हजार डॉलर मिळायचे. अडतं ते जागेपाशी. आधी सीझनमध्ये एका टीमला मायनर लीगमधले १८० खेळाडू ठेवता यायचे, २०२४ पासून ते १६५ झाले, म्हणजे याला ठेवायचं तर कुणातरी एकोणीस वर्षांच्या पोराला घरी पाठवावं लागणार. हे मी कधीच विसरू शकलो नाही आणि विसरायलाही नको.

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला मागच्या मैदानावर पहिल्यांदा तो आमच्याच बॅटर्ससमोर बॉल टाकायला उभा राहिला. मी नेटच्या मागे टॅब्लेट घेऊन. पहिला बॉल कॅचरच्या, म्हणजे इथल्या विकेटकीपरच्या, डोक्यावरून मागच्या जाळीत. दुसरा बाहेर. चौथा सरळ बॅटरच्या पाठीत, आणि बॅटर कोण तर अठरा वर्षांचा, दोनच आठवड्यांपूर्वी कॅम्पमध्ये आलेला पोरगा. तो खाली बसला, ट्रेनर धावले, सुदैवाने फक्त मुका मार होता. पण पिचरचा चेहरा मी बघितला. त्याने ग्लोव्ह काढला, माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर, ठेवला आणि कुणाशी काही न बोलता चालत निघून गेला. अख्खं मैदान गप्प. एक शब्द आहे जो बेसबॉलमध्ये असल्या वेळी सगळ्यांच्या मनात येतो आणि कुणी तोंडातून काढत नाही, यिप्स. वर्षानुवर्षं केलेली गोष्ट एक दिवस हाताला जमेनाशीच होते. रिक अँकिएलचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे, २००० च्या ऑक्टोबरमध्ये, २१ वर्षांचा असताना, प्लेऑफच्या मॅचमध्ये एकाच इनिंगमध्ये ५ वाइल्ड पिच, कॅचरला अडवता न येणारे. तो पिचर म्हणून पुन्हा कधी स्थिरावला नाही, शेवटी आउटफिल्डर, म्हणजे लांबवर उभा राहणारा फिल्डर, बनून २००७ मध्ये परत आला.

दुपारी एकला मीटिंग. पहिलाच विषय हा, त्याला आजच सोडायचं का. मला बोलायचं नव्हतं, अशा मीटिंगमध्ये मी आकडे देतो, मत देत नाही. पण माझ्याकडे आदल्या रात्रीचं एक काम होतं. आमच्या स्काउटच्या जुन्या फोल्डरमध्ये हा सतरा वर्षांचा असतानाचा व्हिडिओ सापडला होता, मागून काढलेला, थोडा हलता. माउंडवर जी रबरची पट्टी असते ती सगळीकडे २४ इंच लांब, तीच पट्टी धरून मी मोजलं. तेव्हा त्याचा डावा पाय पुढे पडायचा तो प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या जमिनीतल्या पाटीच्या, सरळ रेषेच्या साधारण साडेसात इंच उजवीकडे, म्हणजे अंगाला आडवा. आता पडतो तो बरोब्बर रेषेवर, पुस्तकात असतो तसा. सर्जरीनंतर कुणीतरी त्याला सरळ करून दिलं होतं, चांगल्याच हेतूने दिलं असणार, आडव्या पावलाने कोपरावर ताण येतो असं मानणारे बरेच आहेत. पण याचं शरीर त्यामुळे लवकर उघडत, म्हणजे समोर वळत होतं, हात मागे राहत होता आणि बॉल वर आणि उजवीकडे सुटत होता, सकाळी गेला तसाच. बॉल हातातून सुटताना दिशा १ अंशाने जरी चुकली तरी प्लेटपर्यंत जाईतो तो जवळपास ११ इंच सरकतो, आणि अख्खी प्लेटच १७ इंच रुंद आहे.

मी हे सांगितलं आणि म्हटलं की मला हा यिप्स वाटत नाही, हा उसन्या पावलांनी चालतोय. आवाज जरा कापत होता. पिचिंग कोच साठीच्या पुढचे, कमी बोलणारे, त्यांनी व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला आणि म्हणाले, कोपरावरचा ताण रोज मोजणार असशील तर दहा दिवस देऊ. बस, एवढंच.

मग त्याला शोधायला गेलो. पार्किंगमध्ये गाडीत बसला होता, सामान मागच्या सीटवर टाकलेलं. मी काचेवर टकटक केली. लॅबमध्ये ये म्हटलं तर म्हणाला, कशाला, मला माहितीय काय दिसणार आहे. पण आला. सतरा वर्षांच्या स्वतःला बघून बराच वेळ काही बोललाच नाही. मी पावलावर बोट ठेवलं आणि विचारलं की हे असं टाकायला तुला कुणी शिकवलं होतं? म्हणाला, कुणी नाही, खांबाने. मला कळेना. मग त्याने सांगितलं की ओक्लाहोमात त्यांच्या घराच्या मागे वडलांनी मातीचा ढीग करून त्याच्यासाठी माउंड बनवला होता, समोर कोठाराची भिंत, आणि पुढच्या पायाच्या वाटेत डावीकडे जुन्या कुंपणाचा एक खांब होता. पाय सरळ टाकला की नडगी खांबावर आपटायची. म्हणून तो सात वर्षांचा असल्यापासून पाय आत, आडवा टाकायला लागला आणि तसंच अंगात बसलं. पुढे प्रत्येक ठिकाणी त्याला ही खोड म्हणून सांगितलं गेलं, आणि ज्याच्या कोपराचं नुकतंच ऑपरेशन झालंय तो कोचला नाही कसं म्हणणार.

त्याने तिथूनच वडलांना फोन लावला, स्पीकरवर. इकडचं तिकडचं काही नाही, थेट, बाबा तो खांब अजून आहे का? आहे म्हणाले. मग मला राहवलं नाही, मी विचारलं की तिथे जमिनीत पाय पडून खळगा झाला असेल, तो दिसतो का, आणि मधल्या रेषेपासून किती आत आहे ते मोजाल का? ते म्हणाले कामावरून घरी जाऊन बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बुलपेनच्या, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेतल्या, माउंडवर रेघ आखली. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर खेळांच्या आधी शिपाई काका फक्की मारायचे तशीच, पांढरी पावडर, रेषेपासून साडेसात इंचावर. आखून उठतोय तर तो फोन पुढे धरून आला. फोटो होता, गवत बाजूला सारलेलं, खाली बशीएवढा खळगा आणि त्यावर धरलेला टेप, ७ इंच आणि वर थोडंसं.

मी फक्कीची रेघ पुसली आणि वडलांच्या मापाने परत आखली.

पहिले सहा-सात बॉल वाईटच गेले, ते सांगायला हवं. सहा वर्षं सरळ पडलेलं पाऊल एका सकाळीत वळत नाही. मग एक बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये असा लागला की कोचनी खिशातून हात काढले. ३० मधले १९ स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरून योग्य उंचीने गेलेले. कोपराच्या स्लीव्हमधल्या सेन्सरवर ताण वाढलेला नव्हता, आणि खरं सांगतो, मी आधी तोच आकडा बघितला, स्ट्राइक नंतर मोजले. पुढचे दहा दिवस रोज तेच, कधी १५, कधी २२, एक दिवस पुन्हा अगदी बिघडला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. रविवारी आईचा फोन आला की ती पहिल्यांदा त्याचंच विचारायची, त्या पोराचं काय झालं रे.

कॅम्पच्या शेवटी त्याचं नाव डबल-एच्या यादीत लागलं. त्याच दिवशी दोन पोरं घरी गेली, त्यातल्या एकाला मी विमानतळावर सोडलं, गाडीत आम्ही काहीच बोललो नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या आणि मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

निघायच्या आधी तो लॅबमध्ये आला आणि माझ्याकडचा स्टीलचा टेप मागितला. दिला.

एप्रिलमधल्या त्याच्या पहिल्या मॅचला मी लॅपटॉप लावून बसलो होतो. सहावी इनिंग, तो धावत माउंडवर आला, खाली वाकला, बुटाच्या टोकाने मातीत एक छोटी रेघ ओढली आणि मग वॉर्मअप सुरू केला. दोन वॉक दिले, म्हणजे दोन बॅटरना बाहेरच्या बॉलवर फुकट बेस, एक हिट, रन नाही.