तुम्ही विचारलंत म्हणून: मध खरा की खोटा, घरी कसं ओळखायचं?

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत होते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही हाच प्रश्न येतो. पाण्यात थेंब तळाशी गेला, मधात बुडवलेली काडी पेटली, मुंग्या लागल्या नाहीत, म्हणजे खरा ना? नाही हो. घट्ट पाक केला तर तोही तळाशीच जातो.

मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि उरलेल्यात पाणी व थोड्या इतर साखरा. मधमाशी फुलातल्या रसाची साखर फोडून हेच करते. कारखान्यात उसाची साखर फोडली तरी रेणू तेच निघतात. तुमच्या ग्लासातल्या पाण्याला ते कुठून आलेत हे कसं कळणार? आणि बाटलीत खडे धरले म्हणून साखर घातली असंही नसतं. ग्लुकोज कमी विरघळतं, ते आधी खाली बसतं. सूर्यफुलाचा मध तर फार लवकर थिजतो.

इतकं ठणकावून सांगते, पण माझ्याच हातून काय झालं तेही सांगायला हवं.

नोकरीचं दुसरं वर्ष, मे महिना. एका मधपाळाचा नमुना खरेदीदाराने पाठवला होता. मी फीहे चाचणी लावली: मध इथरमध्ये घोळवायचा, इथर उडू द्यायचा, उरलेल्यावर आम्लातल्या रिसॉर्सिनॉलचे थेंब सोडायचे. पांढऱ्या बशीत चेरीसारखा लाल रंग आला आणि तसाच राहिला. मी लिहिलं, ‘फोडलेल्या साखरेची भेसळ’. सगळा माल परत गेला.

आठवड्याने ते मधपाळ स्वतः आले. मांडीवर स्टीलचा डबा धरून बाकावर बसले होते. म्हणाले, "ताई, ह्यात तुम्हाला साखर दिसली का?"

मी म्हटलं, "लाल रंग दिसला."

"तो कशाचा?"

तो रंग एचएमएफ नावाच्या पदार्थाचा. साखर आम्लात तापवून फोडली की हा पदार्थ तयार होतो. पण मधात मुळातच आम्ल असतं. उन्हात राहिला, तापला, जुना झाला तरी फ्रुक्टोजपासून तोच तयार होतो. हे मला पाठ होतं. त्यांचे डबे दोन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये होते हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

तेव्हाची मी आजही भांडते: पद्धत बरोबर होती, रंग खरा होता, त्यांनी पाक घातलाच नव्हता कशावरून? खरं आहे, ते मला आजही माहीत नाही. ऊस आणि मक्याच्या साखरेत कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, फुलांच्या रसापेक्षा किंचित जास्त असतो, त्यावरून उसाचा पाक पकडता येतो. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. शिवाय तांदळाचा पाक त्या चाचणीतूनही निसटतो. पण ‘एचएमएफ आढळला’ एवढंच मला म्हणता येत होतं, आणि मी ‘भेसळ’ लिहिलं.

अहवाल मागे घ्यावा असं मी साहेबांना सांगितलं. सही झालेला कागद बदलत नाहीत, असं उत्तर मिळालं. मी दुसऱ्यांदा गेले नाही.

म्हणून काडी पेटवून कुणाला चोर ठरवलंत की माझा आवाज चढतो. ओळखीच्या मधपाळाकडून घ्या, पोळं कुठे होतं, कधी काढला हे विचारा. एवढंच सांगू शकते. ते काका डबा तिथेच ठेवून गेले होते. त्याचं झाकण मी उघडलं नाही.