रोथची गाडी, चितार ओळीचा साचा

मी घरी फायबरची गाडी बनवायला घेतली होती. मग्यातून धूर निघाला तेव्हा सकाळचे ११ वाजले होते. पाच मिनिटांपूर्वी मधासारखं वाहणारं रेझिन (फायबर बसवायचा चिकट द्रव) दगड झालं होतं, प्लास्टिकचा मगा एका बाजूने लोंबला होता आणि माझा ब्रश आतच अडकला होता. नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचं दुकानदाराने सांगितलेलं माप मी इमानदारीने टाकलं होतं, पण ते माप आपल्या उन्हासाठी नव्हतं.

माझं रेडियमचं आणि नंबर प्लेटचं दुकान आहे. भाच्याच्या खेळण्यांत एक चपटी गाडी दिसली, छपराऐवजी पारदर्शक घुमट. नाव बीटनिक बँडिट. शोधलं तर ती खरोखरची निघाली. कॅलिफोर्नियाच्या एड रोथने १९६१ मध्ये बनवलेली, स्टिअरिंगच नाही, एका दांड्यावर चालणारी. १९६८ मध्ये हॉट व्हील्सने पहिल्या १६ गाड्या काढल्या, त्यांत हिचं खेळणं होतं. हा रोथ आधी गाड्यांवर हाताने बारीक रेघा मारायचा, टी-शर्टवर राक्षस रंगवून विकायचा. रॅट फिंक नावाचा तो डोळे बाहेर आलेला उंदीर त्याचाच. म्हणजे आपल्याच धंद्यातला माणूस! पत्रा ठोकत बसण्यापेक्षा तो प्लास्टरमध्ये आकार घडवायचा आणि त्यावर फायबर चढवायचा. बस, ते वाक्य वाचलं आणि झोप उडाली.

भंगारातून जुन्या जीपचा सांगाडा आणला. जीपच का, तर तिची चेसिस, म्हणजे खालची चौकट, बॉडीपासून सुटी असते. मारुती ८०० ची बॉडी काढली तर खाली उरतं काय?

प्लास्टर म्हटलं की नागपूरकराला महालातली चितार ओळच आठवणार. तिथे मूर्ती करणारे एक काका ओळखीचे. मी बोनेटचा नमुना दाखवला. त्यांनी मडगार्डच्या खालच्या वळणात बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाबू, हे इथी आत वळून राहिलं ना, इथीच अडकते. गणपतीच्या पोटाचा साचा एका तुकड्यात निघते काय? तुकडे करा लागते.”

ऐकलं नाही. रोथने कुठे तुकडे केले होते, असं मनात. एकाच गाडीसाठी प्लास्टर फोडून काढलं तरी चालतं, मला मात्र साचा जपायचा होता, हे माझ्याच ध्यानात आलं नाही. मेणाचे चार हात दिले, जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) मारला, मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, तीन थर बसवले. दुसऱ्या दिवशी बोनेट अलगद निघालं आणि मडगार्ड हललंसुद्धा नाही. लाकडी पाचरी मारल्या, पाणी सोडलं, शेवटी छिन्नी. महिन्याभराचं प्लास्टर पोत्यात भरून टाकलं.

मग काकांच्या म्हणण्याप्रमाणे पाच तुकड्यांचा साचा केला, कडांना खुणेचे खड्डे, बोल्टने आवळलेला. रेझिनचं कोडंही तिथेच सुटलं. हार्डनर फार कमी केला तर माल चिकटच राहतो, म्हणून कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) कमी करायचा आणि एका वेळी पाव किलोच कालवायचं. (कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट मिसळायचा, मगच हार्डनर.) काम पहाटे ५ ते ८. नंतर घासकाम, ८० नंबरच्या पेपरपासून ४०० पर्यंत. त्या धुळीची खाज काय असते ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. मास्क लावायचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा आणि आंघोळ थंड पाण्याने करायची. गरम पाणी घेतलं की रात्रभर खाजवत बसा.

घुमट मात्र राहिला. रोथने म्हणे अॅक्रिलिक पिझ्झाच्या भट्टीत मऊ केलं. मी ओळखीच्या बेकरीत गेलो, भट्टीचं तोंड जेमतेम दीड फूट. मालक हसला, दोन नानखटाई दिल्या आणि परत पाठवलं. गाडी उघडीच ठेवली.

रस्त्याचं विचाराल तर तो विषयच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. रंग बदलला तर आरसीवर नोंद होते. तोही लष्करी हिरवा चालत नाही, तो फक्त सैन्याच्या गाड्यांना. जीपला तोच द्यायचा माझा बेत होता! शेवटी जांभळा दिला आणि बोनेटवर हातानेच पांढऱ्या रेघा ओढल्या. त्यातली एक थरथरली आहे.

इंजिन अजून नाहीच. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण) लेआऊटमधल्या पोरांनी बोनेटवर लाकडी बैल बांधला आणि गाडी दोराने ओढत मैदानापर्यंत नेली. काका आले होते. सगळे फोटो काढत होते, ते मात्र उकिडवे बसून मडगार्डच्या आतून बोट फिरवत होते.

“जोड दिसून राहिला बे,” म्हणाले. “पुढच्या खेपेले मेण जरा जास्त लावजो.”