घोघ्याची रो-रो फेरी: वडोदऱ्याहून निघण्याआधी हे वाचा

वडोदऱ्याहून भावनगरला लवकर पोचायचं, एवढाच हेतू असेल तर रो-रो फेरीच्या, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीच्या, भानगडीत पडू नका. वासद, तारापूर, वटामण, धोलेरा असा रस्ता धरा. साधारण दोनशे किलोमीटर आहे, पहाटे निघालेला माणूस आरामात सकाळच्या चहाला भावनगरात असतो. हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण दांडिया बाजारात काय आणि मांजलपूरला काय, आजही आपली मंडळी ‘दहेजला जायचं, गाडी बोटीत घालायची, तासाभरात पलीकडे’ असं धरून चालतात. भरूचकडच्या दहेजची फेरी बंद आहे. चालू आहे ती सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाणारी, आणि तिला नुसत्या समुद्रातच चारेक तास लागतात.

आम्ही तरीही तिनेच गेलो. माझी मावसबहीण भावनगरला असते, आईला तिच्याकडे चार दिवस राहायचं होतं. आणि मला ही फेरी एकदा स्वतः बघायची होती. जिच्यावरून घराघरात तावातावाने बोललं जातं ती गोष्ट आहे तरी कशी, हे बोटीत पाय ठेवल्याशिवाय कळत नाही.

वाद माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मध्ये खंभातचं आखात असल्यामुळे घोघा आणि दहेज समोरासमोर असूनही रस्त्याने तीनशे किलोमीटरहून जास्त वळसा पडतो, समुद्रातून मात्र जेमतेम तीस. २०१२ मध्ये या फेरीची पायाभरणी झाली आणि २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पहिला टप्पा सुरू झाला. तेव्हाची ‘आयलँड जेड’ ही बोट फक्त माणसं नेत होती. ट्रक-मोटारी नेणारी मोठी ‘व्हॉयेज सिम्फनी’ आली ती वर्षभराने, ऑक्टोबर २०१८ मध्ये. महिना उलटायच्या आत इंजिन बिघडून ती भर समुद्रात अडकली. प्रवासी सुखरूप पोचले, पण लोकांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. प्रकल्पाचा खर्च सहाशे कोटींच्या वर गेला होता. गाळ उपसण्यासाठी केंद्राने दिलेले ११७ कोटी हा त्यातला सर्वांत जास्त चर्चा झालेला आकडा. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये दहेजच्या धक्क्यापाशी बोटीला पुरेसं पाणी मिळत नाही म्हणून फेरी थांबली. पुढे ८ नोव्हेंबर २०२० पासून तीच सिम्फनी हजिरा-घोघा मार्गावर धावू लागली.

भरूच, अंकलेश्वरकडच्या लोकांचं म्हणणं असं की आमच्या दारातली सोय उचलून सुरतेला दिली आणि पैसा गाळात गेला. सुरतेतल्या सौराष्ट्री माणसाला विचाराल तर तो या फेरीला हात जोडतो. सुरतेतले हिरे घासणारे किती तरी कारागीर मूळचे भावनगर, अमरेलीकडचे. त्यांना गावी जायचं तर पूर्वी रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यावी लागायची. सरकारी माहितीप्रमाणे हजिरा-घोघा अंतर रस्त्याने ३७० किलोमीटर आहे, ते पाण्यावरून ९० झालं आणि मालवाहतुकीचे दहा-बारा तास चारवर आले. दिवाळीत सगळं सुरत गावाकडे निघतं तेव्हा या आकड्यांचा अर्थ कळतो.

मग आपण वडोदरेकरांनी दहेजसाठी हळहळावं का? मी हिशोब मांडून बघितला. घरून भरूच, भरूचहून केमिकलच्या टँकरांमधून वाट काढत दहेज, हे अडीच तास. धक्क्यावर तासभर आधी हजर. तासभर समुद्रात. मग घोघ्याहून भावनगर अर्धा तास. रस्त्यापेक्षा वेळ वाचतच नाही. खरं नुकसान झालं ते भरूच, अंकलेश्वर, जंबुसरच्या लोकांचं, आणि भावनगरच्या त्या छोट्या कारखानदारांचं ज्यांचा माल दहेजच्या उद्योगांना जातो. आपण त्यांच्या बाजूने बोलावं, जरूर बोलावं, पण आपलं काही हिरावून घेतलं म्हणून नव्हे.

आता प्रवासाकडे वळतो.

वडोदरा ते सुरत दीडशे किलोमीटर. भरूचपर्यंत नवा एक्स्प्रेसवे झाल्यामुळे हा टप्पा पुष्कळ सोपा झाला आहे. वेळ खातो तो सुरतेनंतरचा भाग. हजिरा म्हणजे कारखान्यांचं गाव, सकाळपासून ट्रेलरची रांग लागलेली असते आणि त्यांच्या मागे अडकलात की घड्याळाकडे बघण्यापलीकडे हातात काही राहत नाही. घरून निघताना चार तास धरा, सुटण्याच्या तासभर आधी टर्मिनलवर पोचायचं आहे हे लक्षात ठेवून. सुटायच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा बघा. गाडीचं तिकीट आणि माणसांची तिकिटं आधीच ऑनलाइन काढून ठेवा, गाडीचा नंबर आरसी बुकाप्रमाणे बिनचूक टाका, आणि घरातल्या प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ जवळ असू द्या.

बोटीत गाडी एकट्या चालकाने चढवायची असते, बाकीच्यांनी टर्मिनलमधून तपासणी होऊन चालत जायचं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर त्याला टर्मिनलच्या दाराशी उतरवा आणि घरातलं कुणी तरी धडधाकट त्याच्यासोबत ठेवा. आईचे गुडघे दुखतात. मी गाडीच्या रांगेत होतो तेव्हा बायकोने तिला हाताला धरून नेलं, म्हणून निभावलं. औषधं, पाण्याची बाटली, चष्मा, शाल हे सगळं गाडीतून आधीच काढून हातातल्या पिशवीत घ्या. बोट सुटली की गाड्यांच्या डेकवर जाऊ देत नाहीत.

तो डेक मात्र चालकाने नीट बघून घ्यावा. सिम्फनीची क्षमता सांगतात ती खालच्या डेकवर ५० टनांचे ३० ट्रक, त्याच्या वर १०० मोटारी आणि सगळ्यात वर ५०० प्रवासी. आकडा वाचणं वेगळं आणि लोखंडी रॅम्पवरून आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना ट्रकांच्या चाकांची भिंत दिसणं वेगळं. माझ्या पुढे मिठाच्या गोण्यांनी भरलेला ट्रक होता. खलाशी पोरगा वाकला, मागच्या चाकाला दोन्हीकडून पाचर मारली, साखळी आवळली, वर पाय देऊन ताण बघितला, आणि पुन्हा अर्धा फेरा आवळली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘साहेब, हँडब्रेक? गियरमां राखजो.’ या अर्ध्या फेऱ्यामुळे माझा या बोटीवर विश्वास बसला. तुम्हीही हँडब्रेक ओढून, गाडी गियरमध्ये ठेवूनच उतरा.

वर बसायला वेगवेगळ्या दर्जाच्या जागा आहेत, खायला उपाहारगृह आहे. पण घरचे ठेपले आणि दशम्या नेल्यात तर पोटाला बरं. मला विचाराल तर स्वस्तातली बसायची जागा घ्या आणि वेळ उघड्या डेकवर काढा, बघायचं आहे ते तिथून. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी, हेलकावे सुरू झाल्यावर घेतलेली कामाची नाही.

डेकवर भेटलेला एक कारागीर बायको-मुलांना घेऊन गारियाधारला चालला होता. त्याला मी दहेजचं विचारलं. तो म्हणाला, वाद करणाऱ्यांनी एकदा रात्रीच्या बसमध्ये दोन लेकरं मांडीवर घेऊन बसावं. त्याच बाकावर भावनगरचे एक निवृत्त शिक्षक होते. ते शांतपणे म्हणाले, ‘भाई, तुमची सोय झाली याचा आनंद आहे. पण दहेजला जो खर्च झाला तो कुणी विचारायचाच नाही का?’ दोघंही खरं बोलत होते.

घोघा जवळ येतं तसं पाणी गढूळ होत जातं. पाणी कमी, पातळ चिखलच जास्त. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा, तोंड रुंद आणि आत अरुंद होत जाणारा. भरतीचं पाणी आत शिरलं की त्याला पसरायला जागाच राहत नाही, ते वर चढतं. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. घोघ्याच्या धक्क्याच्या खांबांवर ओली काळपट रेघ माझ्या डोक्याच्या किती तरी वर होती, आणि तिच्याखाली शिंपल्यांचा खरबरीत थर. याच भरतीच्या जोरावर अलंगला १९८३ पासून जहाजं किनाऱ्यावर चढवून तोडतात. याच ओहोटीमुळे भावनगरच्या बंदराला लॉकगेट बांधून आतलं पाणी अडवावं लागलं. आणि समोर दहेजला तर नर्मदेचं मुख जवळ. नदी गाळ आणते, भरती तो ढवळते, ओहोटी तो टाकून जाते. उपसलेली वाट पुन्हा भरते. हे आखात पाहिल्यावर कुणालाही पडेल तो प्रश्न मला पडला: दर वर्षी गाळ काढत राहण्याची तयारी आणि त्याचा खर्च आधी मांडला होता का?

हजिऱ्याला फेरी नेण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. जिथे पाणी आहे तिथे बोट चालवावी. पण दहेजला काय झालं, किती गाळ काढला, तो किती दिवसांत परत भरला, तिथल्या टर्मिनलचं पुढे काय करणार, हे लोकांपुढे एकदा स्वच्छ मांडायला हवं. या आखाताची स्वप्नं नवी नाहीत. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अनिल काणे यांनी १९८० च्या दशकात आखातावर धरण बांधून गोड्या पाण्याचं सरोवर करायची कल्पना मांडली, तीच कल्पसर योजना. तिचं काम अजून अहवालांच्या पुढे सरकलेलं नाही. इतक्या मोठ्या योजनेचा विचार पुन्हा होईल तेव्हा दहेजचा गाळ हा सगळ्यात उपयोगी धडा ठरेल, आणि तो लपवून ठेवला तर आपलंच नुकसान आहे.

आणखी एक गोष्ट, ती मी वडोदरेकर म्हणून सांगतो. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून मी कुठल्याही बोटीत चढलो की आधी लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघतो. रो-रो मोठी आहे, तलावातल्या बोटीशी तिची तुलना नाही, तरी तुम्हीही बघा. आपल्या जागेपासून जवळचा जिना कोणता, जॅकेटची पेटी कुठे, मुलांच्या मापाची आहेत का. सापडलं नाही तर कर्मचाऱ्यांना विचारा. माझ्या मुलीने विचारलं तेव्हा त्यांनी पेटी उघडून दाखवली, वैतागले नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते विचारण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

उतरल्यावर लगेच भावनगरला पळू नका. वेळ जुळत असेल तर कोळियाकला निष्कलंक महादेवाचं दर्शन घ्या, घोघ्याहून जवळ आहे. पाच शिवलिंगं समुद्रात आहेत, ओहोटीला पाणी मागे हटलं की किनाऱ्यापासून किलोमीटरभर चालत जायचं. पांडवांनी ती स्थापली अशी श्रद्धा आहे. भादरवी अमावास्येला मोठी जत्रा भरते. तिथी बघून जा: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप लांब हटतं आणि परत येतंही जोरात. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, ते फारसं हलत नाही. दिवसाची नेमकी वेळ गावातल्या फूलवाल्यांना विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे, ते अचूक सांगतात. चपला किनाऱ्यावर ठेवा, पण पायांत जुने मोजे घाला, खडकावरचे शिंपले कापतात. आणि गावकरी परत फिरा म्हणाले की फोटो काढत थांबू नका. आई किनाऱ्यावरच्या चहावाल्याकडे बसून राहिली, तिथूनच तिने हात जोडले.

पावसाळ्यात हा बेत करू नका. वादळाचा बावटा लागला की फेरी रद्द होते आणि गाडी हजिऱ्याला अडकते. दिवाळीच्या आठवड्यात जायचंच असेल तर गाडीची जागा खूप आधी घ्या, सुरतेची गर्दी तुमच्या आधी उभी असते.

परतताना आम्ही रस्त्यानेच आलो आणि तुम्हालाही तेच सांगेन: जाताना फेरी, येताना रस्ता. धोलेऱ्याकडचा भाल प्रदेश मोकळा, सपाट, दुपारी नजर जाईल तिथवर खारी जमीन. गाडी आपोआप वेगात जाते, तिथे स्वतःला आवरा. पिपळी ते वटामण ट्रकांची वर्दळ मोठी आहे आणि संध्याकाळी समोरून दिवे डोळ्यांवर येतात. भावनगरहून जेवून लगेच निघा, वटामणची चौफुली उजेडात ओलांडा. तारापूरनंतर रस्ता रुंद आहे, वासदला टोल भरला की घर आलंच.