नोंगखायच्या पुलावरून लाओसकडे

ईशान्य थायलंडमधील नोंगखायहून लाओसची राजधानी व्हिएन्टिनला जाताना मेकाँग नदीवरचा मैत्री पूल लागतो. पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन मी सीमेवरच्या बसमध्ये बसलो. ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधलेला आणि एप्रिल १९९४ मध्ये खुला झालेला हा पूल जेमतेम सव्वा किलोमीटरचा आहे. मधोमध मीटर गेजचा एकच रूळ असून आगगाडी यायची असली की वाहने अडवून धरतात. लाओसच्या टोकाला डावीकडची वाहने उजवीकडे वळवली जातात, कारण वाहतुकीची बाजू तिथे बदलते.

हे सारे इतके बिनबोभाट चालते की, १९८७-८८ च्या हिवाळ्यात याच दोन देशांचे सैन्य बान रोम क्लाओ या सीमेवरील गावावरून लढत होते, हे मुद्दाम आठवावे लागते. १९८८ मध्येच थायलंडचे पंतप्रधान झालेल्या चातिचाय चूनहावान यांनी इंडोचायनातील (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) रणांगणांच्या बाजारपेठा करण्याचे धोरण मांडले. त्यात परोपकार नव्हता. थाई उद्योगांना लाओसची वीज, लाकूड आणि गिऱ्हाईक हवे होते. समुद्रकिनारा नसलेल्या लाओसला थाई बंदरांची गरज होती, म्हणून हा स्वार्थ दोन्हीकडे जमला.

थायलंडचे वजन मला नेहमी याच जागी जाणवते. इंडोनेशियाएवढी लोकसंख्या किंवा सिंगापूरएवढे भांडवल त्याच्याकडे नाही, मात्र सर्वांना एकत्र बसवण्याची हातोटी आहे. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातील वैर निवळवण्यासाठी थाई परराष्ट्रमंत्री थनात खोमन यांनी मध्यस्थी केली आणि ८ ऑगस्ट १९६७ रोजी आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा जाहीरनामा बँकॉकमध्येच झाला. आसियानच्या मुक्त व्यापार क्षेत्राची कल्पनाही थाई पंतप्रधान आनंद पन्यारचुन यांनीच पुढे रेटली. १९९२ मध्ये तिचा करार झाला.

या जवळिकीची किंमतही आहे. २ जुलै १९९७ रोजी थाई चलन बाट कोसळला, त्याच महिन्यात लाओस आसियानमध्ये दाखल झाला आणि त्याचे चलन किपही त्या घसरणीत ओढले गेले. पुढे २००० मध्ये आसियान देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया यांच्यात संकटकाळी परस्परांना परकीय चलन पुरवण्याची व्यवस्था ठरली, तीही चियांग माय या थाई शहरात.

लाओसच्या चौकीवर आसियानचे नागरिक व्हिसाविना भराभर पुढे सरकत होते आणि मी व्हिसाच्या खिडकीपाशी पैसे मोजत होतो. सदस्यत्वाचा अर्थ तिथे चटकन कळतो.

पुलापलीकडे लाओसमधल्या थनालेंगला थाई मीटर गेज आणि चीनहून आलेला, डिसेंबर २०२१ पासून वापरात असलेला, त्याहून रुंद प्रमाण गेज यांची गाठ पडते, आणि माल एका गाडीतून दुसरीत चढवावा लागतो. बँकॉकहून नोंगखायपर्यंत येणाऱ्या वेगवान रेल्वेचा पहिला टप्पा २०१७ मध्ये सुरू होऊनही रेंगाळला आहे. शेजाऱ्यांना जोडण्यात वाकबगार असलेला हा देश स्वतःच्या रुळांबाबत मात्र फार सावकाश चालतो, आणि तोवर उत्तरेकडून आलेला रूळ व्हिएन्टिनचा ओढा हळूहळू चीनकडे वळवतो आहे.